खोली नंबर चौदा की पंधरा: सायकिअ‍ॅट्रिस्ट व्हायचं की सायकॉलॉजिस्ट, हे ठरवायचं कसं

मिरजेतल्या ज्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी सतरा वर्षं काम करते आहे, तिथे ओपीडीच्या शेवटच्या पॅसेजमध्ये दोन दारं शेजारी-शेजारी आहेत. चौदा नंबरमध्ये सायकिअ‍ॅट्रिस्ट बसतात, पंधरामध्ये मी. दारांवर पाट्या आहेत, पण पेशंट पाट्या वाचत बसत नाहीत. त्यांनी स्वतःची सोय करून घेतली आहे. चौदा म्हणजे ‘गोळ्यांचे डॉक्टर’ आणि पंधरा म्हणजे ‘बोलायच्या मॅडम’. आमचे वॉर्डबॉय मामाही तसाच पत्ता सांगतात.

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. ‘ताई, पोरगी सायकॉलॉजी करायचं म्हणते. पुढे तिला गोळ्या लिहून देता येतील ना?’ यंदा हा फोन घरातूनच आला. थोरल्या भावाची मुलगी म्हणाली, ‘आत्या, नीटला मार्क कमी पडले. मग सायकॉलॉजी घेते. शेवटी तेच ना ते?’

तेच नव्हे. आणि ‘ते नाही तर हे’ असंही नाही. तिला जे दोन-तीन बैठकांत सांगितलं, ते इथे लिहून ठेवते. पुढच्या जूनमध्ये फोन आला की हेच पाठवून देईन.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठी पेपरात ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द कुणासाठीही वापरतात. कधी तो सायकिअ‍ॅट्रिस्टसाठी असतो, कधी सायकॉलॉजिस्टसाठी, तर कधी शाळेतल्या समुपदेशक बाईंसाठीही. करिअर निवडताना हा शब्द बाजूलाच ठेवा. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. तो आधी एमबीबीएस डॉक्टर असतो आणि मग मनोविकारात एम.डी. किंवा त्याच्याच तोडीचं डीएनबी करतो. सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रज्ञ. त्याचं शिक्षण मानसशास्त्रातलं असतं, मेडिकल कॉलेजातलं नसतं. सायकॉलॉजिस्टनी पीएच.डी. केली की नावामागे ‘डॉ.’ लागतो, तरी गोळ्या लिहिण्याचा हक्क येत नाही. मी पीएच.डी. केलेली नाही, तरी पेशंट मला डॉक्टर म्हणतात आणि मी दर वेळी दुरुस्त करते. एका आजींनी सेशन संपताना सहज विचारलं, ‘बीपीची गोळी सोडू का आता? बरं वाटतंय.’ त्या माझ्या ‘हो’ची वाट बघत होत्या. तेव्हापासून मी या बाबतीत जरा जास्तच काटेकोर झाले आहे.

आता दोन्ही खोल्यांत काय चालतं ते बघू. माहितीपत्रकात हे मिळत नाही, म्हणून इथे जरा थांबते. (पेशंटांचे तपशील मी बदलले आहेत, दोन-तिघांचं मिळून एक केलं आहे.)

तासगावकडचा एक मुलगा, वय तेवीस, घरची द्राक्षबाग. तीन आठवडे झोप नाही. शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात, मोबाइलमधून आपलं बोलणं ऐकतात, असं म्हणून त्यानं मोबाइल विहिरीत टाकला. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग आमच्याकडे आणलं. चौदा नंबरमध्ये सरांनी आधी विचारलं ते असं: ताप आला होता का, डोक्याला मार लागला होता का, गांजा, दारू, फवारणीच्या औषधाशी संपर्क. थायरॉइड, साखर, बी-१२, लिव्हरच्या तपासण्या लिहिल्या. कारण ‘मनाचं’ दिसणारं कधीकधी शरीराचं निघतं, आणि ते ओळखायला डॉक्टरच लागतो. मग औषध सुरू केलं, अगदी कमी डोसनं. चार दिवसांनी मुलाची मान आणि जबडा आखडला. घरचे घाबरून ‘औषधानंच बिघडलं’ म्हणत आले. सरांना ते अपेक्षित होतं. त्यांनी त्यावर दुसरी गोळी दिली, डोस बदलला. पुढे महिनोन्महिने वजन आणि साखर बघत राहिले, कारण ही औषधं भूक वाढवतात. त्यांचं काम असं आहे: निदान, औषध, औषधाचे परिणाम, भरती करायचं की नाही, आणि या सगळ्यावर त्यांची सही.

मुलगा माझ्याकडे आला तो पाचव्या आठवड्यात, झोप परत आल्यावर. त्याआधी मी त्याच्या आई-वडिलांबरोबर बसले होते, चार वेळा, प्रत्येकी तासभर. वडील दिवसातून दहा वेळा त्याला ‘नीट वाग’ म्हणत होते. घरात सततची टीका आणि ताण असेल तर हा आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे त्यांना समजावणं हे काम. तेही लेक्चर देऊन नाही. ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत त्याला काय काय बोललात ते सांगा’ असं विचारून. मग मुलाबरोबर: पाळत ठेवल्याची शंका आली की काय करायचं, बागेत परत जायचं तर आधी कुठलं काम घ्यायचं, मित्रांनी ‘कुठं होतास’ विचारलं तर काय सांगायचं. सरांनी त्याला एकूण किती वेळ दिला, मी किती, हे मोजलं तर माझा आकडा मोठा निघेल. पण पहिल्या आठवड्यात माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलंच नसतं.

उलटंही होतं. हात धुण्याच्या वेडानं त्रासलेली एक बाई यायची, दिवसाला एक साबणवडी संपवायची. सरांनी गोळी दिली, पण ओसीडीला, म्हणजे या आजाराला, औषधाचा गुण यायला डिप्रेशनपेक्षाही जास्त आठवडे लागतात. तिचं मुख्य काम पंधरा नंबरमध्ये झालं. आम्ही दोघींनी खोलीच्या दाराच्या कडीला हात लावला आणि धुतला नाही. चाळीस मिनिटं तशाच बसलो. पहिल्या पंधरा मिनिटांत तिला घाम फुटला. मग हळूहळू तिची भीती आपोआप उतरताना तिनंच पाहिली. पुढच्या आठवड्यात बसस्टँडचा बाक, त्याच्या पुढच्या आठवड्यात एसटीतला दांडा. या कामाला ‘बोलणं’ म्हणतात तेव्हा मला गंमत वाटते.

तेव्हा ‘एक गोळ्या देतो, दुसरा गप्पा मारतो’ हा फरक मनातून काढून टाका. तो पुरा नाही. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी सायकिअ‍ॅट्रिस्ट आहेत आणि मराठी माणूस त्यांना ओळखतो तो त्यांच्या बोलण्यामुळे. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचटही येरवड्याच्या मनोरुग्णालयात सायकिअ‍ॅट्रिस्ट होत्या, आणि मुक्तांगणची ओळख काही औषधांच्या चिठ्ठीसाठी नाही. सायकिअ‍ॅट्रिस्टला थेरपी शिकता येते. मला मात्र पुढे कधी औषध लिहावंसं वाटलं, तर परत बारावी सायन्स आणि नीटपासून सुरुवात. हे दार एकाच बाजूनं उघडतं. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग मेडिकलच बरं.’ थांब म्हटलं. दाराची किंमत ऐक.

चौदा नंबरची किंमत अशी. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. मग ७२० मार्कांची नीट. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. या साडेपाच वर्षांत तुम्ही प्रेतं फाडाल, बाळंतपणं कराल, अपघातातली हाडं धराल, आणि सायकिअ‍ॅट्रीत घालवाल ते जेमतेम काही आठवडे. ज्याला ‘मला फक्त मन समजून घ्यायचंय’ असं वाटतं, त्याला ही साडेपाच वर्षं फार लांब वाटतात. मग नीट-पीजी आणि तीन वर्षं एम.डी. सायकिअ‍ॅट्री किंवा डीएनबी. सरकारी कॉलेजातून शिकलात तर मध्ये बाँडची नोकरी. म्हणजे बाँड सोडून, एकही प्रयत्न वाया न जाता साडेआठ वर्षं, आणि एकही प्रयत्न वाया न गेलेली मुलं मला फार भेटलेली नाहीत. आणखी एक. एमबीबीएसनंतर सायकिअ‍ॅट्रीच मिळेल याची खात्री नाही. पूर्वी ‘काहीच मिळालं नाही म्हणून सायकिअ‍ॅट्री’ घेणारे होते. आता चांगल्या रँकची मुलंही ती मागतात.

एम.डी. झाल्यावरही शरीर सुटत नाही. आमच्या भागात रात्रीचा कॉल येतो तो बहुधा दोन कारणांसाठी. एक, कीटकनाशक प्यालेला माणूस आयसीयूतून वाचला आहे, आता त्याला कुणी तरी बघायला हवं. दुसरं, दारू अचानक बंद झालेला माणूस दोन-तीन दिवसांनी थरथरतोय, भिंतीवर किडे दिसतायत म्हणतोय, पलंगावरून उड्या मारतोय. ही दुसरी अवस्था जीवघेणी असते. तिथे सलाइन, व्हिटॅमिन बी-१, झोपेच्या औषधाचा नेमका डोस लागतो, समुपदेशन नाही. हे वाचून तुमच्या अंगात थोडी तरतरी आली असेल तर चौदा नंबरचा विचार करा. पोटात गोळा आला असेल तर तेही लक्षात ठेवा.

पंधरा नंबरची किंमत वेगळी, आणि ती कुणी सांगत नाही. म्हणून माझीच फजिती सांगते.

मी सांगलीत बी.ए. केलं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात २००२ साली एम.ए. मानसशास्त्र झाले, फर्स्ट क्लास. वाटलं, झाले सायकॉलॉजिस्ट. एका शाळेत साडेचार हजारांवर समुपदेशक म्हणून लागले. वर्षभरानं एका मोठ्या शहरातल्या खासगी क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या मालकांनी माझ्या नावाखाली ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पितळी पाटी करून लावली. मी तिचा फोटो काढून आईला पोस्टानं पाठवला. काही महिन्यांनी एक बाप मतिमंद मुलाला घेऊन आला. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बुद्ध्यांकाचा रिपोर्ट हवा होता. मी चाचणी केली, रिपोर्ट दिला, सही केली. तो रिपोर्ट सरकारी हॉस्पिटलातून परत आला, कारण सहीखाली नोंदणी क्रमांक नव्हता. बाप दोनदा एसटीनं आला, दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि मुलाला पुन्हा दुसऱ्याकडे तपासावं लागलं. मला तोवर नोंदणी क्रमांक नावाची गोष्ट असते हेच माहीत नव्हतं. दोन वर्षांच्या एम.ए.मध्ये एकाही सरांनी ती सांगितली नव्हती.

तर ती गोष्ट अशी. भारतात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव नुसत्या एम.ए.नं मिळत नाही. १९९२ च्या कायद्यानं आलेली रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, तिच्या मान्यतेचं क्लिनिकल प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि तिच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या हीच धरली आहे: आरसीआयमान्य क्लिनिकल पात्रता, नाही तर मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं, हॉस्पिटलात वरिष्ठांच्या देखरेखीखाली केलेलं एम.फिल. या एम.फिल.च्या जागा प्रत्येक संस्थेत मोजक्याच. बंगळूरचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी अशा मोठ्या मानसिक आरोग्य संस्थांत एकेका जागेवर सगळ्या देशातून मुलं तुटून पडतात. एम.ए. होऊन इथे अडकलेली मुलं-मुली मी ढिगानं पाहिली आहेत. मी स्वतः दोनदा आपटले. तिसऱ्यांदा रांचीला लागले. तिथल्या दोन वर्षांत हिंदीत हिस्टरी घ्यायला शिकले आणि रोज संध्याकाळी सिनिअरांकडून रिपोर्टावर लाल पेननं रेघोट्या मारून घ्यायलाही.

आता नियम बदलत आहेत, तेव्हा जुन्या माणसांचे सल्ले तपासून घ्या, माझेसुद्धा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२२ च्या नियमांत एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोहोंना २०२५-२६ पर्यंतची सवलत दिली. आरसीआयनं दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, चार वर्षांचं बी.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी असे नवे अभ्यासक्रम आणले. सायडी नावाची व्यावसायिक डॉक्टरेटही आहे. आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला यूजीसीनं मनाई केली आहे. ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ची जाहिरात अजून दिसत असेल तर फोन ठेवून द्या.

प्रवेश घेण्याआधी करायचं काम पाच मिनिटांचं आहे. आरसीआयच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. त्यात तीन गोष्टी जुळवा: संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं तंतोतंत नाव, आणि मान्यता कुठल्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे. ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ हे नाव कुठलंही विद्यापीठ देऊ शकतं. त्यामागे आरसीआयची मान्यता आहे की नाही हे नावावरून कळत नाही. नेमकं इथेच दरवर्षी लाखभर रुपये फी भरून पोरं फसतात. कॉलेजच्या ऑफिसात विचारायचं ते असं: ‘हे पूर्ण केल्यावर मला आरसीआयचा नंबर मिळेल का? मागच्या बॅचमधल्या एकाचा दाखवा.’ ‘लवकरच मान्यता येतेय’ हे उत्तर आलं तर उठून या.

म्हणजे हिशेब असा: बी.ए. तीन वर्षं, नव्या धोरणात ऑनर्स केलं तर चार. एम.ए. दोन, क्लिनिकल दोन. एकूण सात-आठ वर्षं. ‘सायकॉलॉजी म्हणजे लवकर सुटका’ असं समजणाऱ्या पालकांनी हा आकडा चौदा नंबरच्या साडेआठाशेजारी ठेवून बघावा. फायदा एवढाच की बारावी आर्ट्सनंही या रस्त्याला लागता येतं. आर्ट्स घेतलं म्हणजे गणित सुटलं असं मात्र समजू नका. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून स्टॅटिस्टिक्स मानगुटीवर बसतं. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत, हे समजत नसेल तर बुद्ध्यांक ७० म्हणजे काय हेही समजणार नाही, आणि त्या ७० वर एखाद्या मुलाचा दाखला ठरतो.

चाचण्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगते, कारण हे काम फक्त आमच्या खोलीत होतं आणि मला ते फार आवडतं. माझ्या कपाटात बिने-कामत या बुद्ध्यांक चाचणीचा संच आहे. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्याच्या आधी, मराठी आणि कन्नड मुलांसाठी परदेशी चाचणी बदलून घेतली. मिरजेसारख्या गावात, जिथे आई कन्नड बोलते आणि पोरगं शाळेत मराठी, तिथे त्या माणसाचे मी रोज मनात आभार मानते. शेजारी मालिनचा संच. तोही आपल्या नागपुरात भारतीय मुलांसाठी बसवलेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, प्रश्न विचारायचे, मार्क मोजायचे. पण सहा वर्षांचं पोरगं उत्तर देत नाही तेव्हा ते त्याला येत नाही, की त्याला ऐकू येत नाही, की त्याला भूक लागली आहे, हे कळायला हवं. एकदा एका मुलीचा बुद्ध्यांक ६० च्या आसपास येत होता. मी चाचणी थांबवून तिला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन्ही कानांत कमी ऐकू येत होतं. त्या दिवशी मी केलेलं खरं काम म्हणजे रिपोर्ट न लिहिणं.

क्लिनिकल सोडूनही सायकॉलॉजीत पुष्कळ वाटा आहेत: शाळेतलं समुपदेशन, कंपन्यांत भरती आणि प्रशिक्षण, खेळाडूंबरोबरचं काम, कॉलेजात शिकवायचं तर नेट-सेट. तिथे आरसीआय लागत नाही. पण ‘क्लिनिकल’ हे नाव लावायचं असेल, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी रिपोर्ट द्यायचा असेल, तर लागतेच. टेलिमानस ही १४४१६ नंबरची सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन उचलायला तिथेही समुपदेशक लागतात. समाजकार्याचा ओढा असेल तर सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करची वाट बघा. घरभेटी, नोकरी, सरकारी योजना, पेशंट परत घरी नांदणं, हे सगळं तो माणूस बघतो, आणि मोठ्या मनोरुग्णालयात त्याच्याशिवाय काम चालत नाही. महाराष्ट्रात अशी चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. एकट्या येरवड्यात अडीच हजारांवर खाटा.

नीटला मार्क कमी पडले की बीएएमएस, बीएचएमएस समोर येतं, आणि कुणी तरी सांगतं, ‘होमिओपॅथीतही एम.डी. सायकिअ‍ॅट्री असतं.’ असतं. २०१७ चा कायदा आयुर्वेदातल्या आणि होमिओपॅथीतल्या त्या पदव्युत्तर शिक्षणाला ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ म्हणून धरतोही. पण कायद्यातली ‘सायकिअ‍ॅट्रिस्ट’ ही व्याख्या वेगळी आहे. हा फरक समजून मग जा.

पैशांबद्दल थोडक्यात. सायकिअ‍ॅट्रिस्टला जास्त मिळतात आणि एम.डी. झाल्या दिवसापासून मागणी असते. सर सकाळच्या ओपीडीत पन्नास-साठ पेशंट बघतात, मी दिवसाला पाच किंवा सहा. आठवड्याला एक तास याप्रमाणे तीन महिने येणं शेतमजुराला परवडत नाही, आणि चौथ्या सेशनला खुर्ची रिकामी राहते. पहिली पाच-सहा वर्षं सायकॉलॉजिस्टनं घरखर्चाचा दुसरा आधार धरून चालावं. माझ्या बाबतीत तो आधार म्हणजे नवऱ्याचा पगार. लपवण्यासारखं त्यात काही नाही. उलट सरांना विचारलंत तर ते म्हणतील, ‘मला एकदा तरी एका माणसाशी पाऊण तास बोलायचंय.’ थकवा दोघांनाही येतो. त्यांना गर्दीचा, मला त्याच त्या दुःखाच्या जवळ बसण्याचा.

आता स्वतःची परीक्षा कशी घ्यायची. सेशनमध्ये तुम्हाला कुणी बसू देणार नाही, द्यायलाही नको. पण सुट्टीत तीन गोष्टी करता येतात.

पहिली, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘एए’ गटाच्या, ओपन मीटिंगला जाऊन बसा. तिथे कुणालाही बसता येतं आणि जवळपास प्रत्येक मोठ्या गावात ती भरते. दीड तास फक्त ऐका. बाहेर आल्यावर तुमच्या डोक्यात ‘याच्या लिव्हरचं काय झालं असेल’ हा प्रश्न आधी आला की ‘याची बायको घरी काय करत असेल’ हा, ते प्रामाणिकपणे वहीत लिहा. मी भाचीला हेच करायला लावलं.

दुसरी, घरातल्या एखाद्या तक्रारखोर नातेवाइकाबरोबर अर्धा तास बसा आणि त्या अर्ध्या तासात एकही सल्ला देऊ नका. ‘तू असं का करत नाहीस’ हे वाक्य तोंडातून आलं की नापास. मग ते बोलणं आठवून, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. दोन पानं झाली तर कान चांगला आहे. लोकांना वाटतं की ‘मैत्रिणी मला सगळं सांगतात’ ही सायकॉलॉजीची पात्रता आहे. मैत्रिणी सांगतात कारण आपणही त्यांना आपलं सांगतो. पंधरा नंबरमध्ये आपलं सांगायचं नसतं.

तिसरी, ओळखीच्या एमबीबीएसच्या मुलाकडून फार्माकॉलॉजीचं पुस्तक एका रविवारसाठी मागून आणा आणि लिथियमवरचा भाग वाचा. हे मूडच्या आजारावरचं जुनं आणि अजूनही उत्तम औषध. पण रक्तातलं प्रमाण जरा वर गेलं की विष, म्हणून त्या प्रमाणावर सतत लक्ष, शिवाय थायरॉइड आणि किडनीवरही. वाचताना जांभया आल्या तर तो निकाल समजा. वेळेचं भान सुटलं तर तोही.

घरच्यांसाठी एकच. ‘वेड्यांची डॉक्टर झालीस तर लग्न कसं जमायचं’ हे वाक्य मी २००२ साली ऐकलं होतं आणि यंदा वहिनीच्या तोंडून परत ऐकलं. वहिनीला मी काही उत्तर दिलं नाही. तिला फक्त आमच्या पॅसेजमध्ये एक सकाळ बसवलं, भाचीबरोबर. बाकांवर तिला तिच्या गल्लीतली तीन माणसं भेटली. त्यातल्या एकीनं तिला ‘तूपण का गं?’ असं विचारलं आणि दोघी हसल्या.

त्या सकाळी भाची दारं मोजत होती. चौदा नंबरमध्ये त्रेचाळीस पेशंट गेले, पंधरामध्ये चार. चौथी बाई आत गेली ती तास उलटून गेल्यावर बाहेर आली, नाक पुसत, आणि पाणी प्यायला कूलरपाशी थांबली. भाचीनं घरी येताना रिक्षात विचारलं, ‘एवढा वेळ काय बोललात तुम्ही?’ मी म्हटलं, ते सांगता येत नाही. ‘कधीच नाही?’ कधीच नाही. ती मिशन हॉस्पिटलच्या चौकापर्यंत गप्प होती.

एए मीटिंगनंतरच्या तिच्या वहीत पहिला प्रश्न लिव्हरचा होता. दुसरा, तिसरा आणि चौथा त्या माणसाच्या मुलीबद्दलचे. तिनं नीटचा आणखी एक प्रयत्न करायचं ठरवलं आहे, आणि तोवर सांगलीत बी.ए.ला नावही घातलं आहे, सायकॉलॉजी स्पेशल मिळेल अशा कॉलेजात. माझा भाऊ म्हणतो, दोन डगरींवर पाय. मी त्याला आरसीआयच्या साइटची लिंक पाठवली आहे. अजून त्यानं उघडलेली नाही.